मूळ प्रत

"पडवळ संपवलंस तर आज हत्तीची गोष्ट," ओट्यावरच्या डबीतून विराजचा आवाज आला आणि रेवाने तोंड वाकडं करत का होईना, घास घेतला.

विराज जगदाळेला जाऊन दोन वर्षं झाली होती. हायवेवर एका ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली तेव्हा रेवा चार वर्षांची होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही बोलप्रत तिला जेवू घालत होती. माणसाचे फोन, निरोप, व्हिडिओ सगळं गोळा करून त्याच्यासारखं बोलणारी प्रत बनवायची, हे आता मिरजेतही घरोघरी झालं होतं. पूर्वी भिंतीवर हार घातलेला फोटो असायचा, आता ओट्यावर डबी असते, इतकाच फरक. फोटो निदान गप्प बसायचा.

रेवाची आई शलाका कणीक मळत ऐकत होती. हा विराज तिला खऱ्यापेक्षा बरा वाटे, पण हे ती कुणाजवळ बोलत नसे. खऱ्याने तिच्याबरोबर एका छपराखाली संसार केला, लग्न मात्र केलं नाही. विषय निघाला की 'बघू गं' म्हणून वेळ मारून नेली. सोनवण्यांची मुलगी त्याच्या आईला सून म्हणून चालणार नव्हती आणि आईला दुखवणं त्याच्या जिवावर यायचं. शलाकाला दुखवणं कधी जिवावर आलं नाही. रेवा झाली तेव्हाही तेच भिजत घोंगडं. शेवटी शलाकाने आपलंच नाव आणि आपलंच आडनाव लावून टाकलं: रेवा शलाका सोनवणे.

"बाबा, माझं आडनाव जगदाळे का नाही?" रेवाने मध्येच विचारलं. वर्गात कुणीतरी खोदून विचारलं असणार.

"नाही कसं? माझी लेक म्हणजे जगदाळेच. लाव की, राणी. आईला सांग, उद्याच्या उद्या जाऊन बदलून आण."

शलाकाचे हात कणकेतच थांबले. जे ऐकण्यासाठी तिने अर्धं तारुण्य घालवलं, ते डबीने पडवळाच्या भाजीवर बोलून टाकलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. डबीवरचा बारीक हिरवा दिवा तिच्याकडे वळला आणि लुकलुकला.

आईबापांचं लग्न झालेलं नसेल आणि मुलाला बापाचं आडनाव लावायचं असेल, तर बापाची संमती लागायची. बाप हयात नसेल तर त्याच्या बोलप्रतीची साक्ष चालेल, असा नवा नियम निघाला होता. शलाकाने रजा टाकली, रेवाला वाढदिवसाचा फ्रॉक घातला आणि डबी पिशवीत घालून ती नामबदल कक्षात गेली. जाताना रेवा रिक्षात नवं नाव घोकत होती.

"ही नाही चालायची, ताई," टेबलामागच्या आळतेकर बाई डबीकडे बघून म्हणाल्या.

"का? त्याचीच आहे. हवं तर विचारून बघा."

"घरची आहे ना? म्हणजे ही रोज तुमच्याकडून शिकते. तुम्ही हसलात की ते बोलणं धरून ठेवते, तोंड पाडलंत की सोडून देते. दोन वर्षांत हिच्यात आवाज त्यांचा राहिला असेल, बाकी सगळं तुमचं झालं. आम्ही मूळ प्रत उघडतो. माणूस गेला त्या दिवशी ती सील होते."

"मूळ प्रतही हेच सांगेल," शलाका म्हणाली. पण म्हणतानाच तिला डबीचे पहिले दिवस आठवले. तेव्हा डबीही प्रत्येक गोष्टीला 'बघू गं' म्हणायची आणि शलाका फरशीवर बसून रडायची. मग हळूहळू ते 'बघू' गेलं. मेल्यावर तरी हा सुधारला, असं तिने मानून घेतलं होतं.

"आपण गेलोय हे मूळ प्रतीला माहीत नसतं," बाई म्हणाल्या, "आणि ते सांगायची आम्हाला परवानगी नाही." त्यांनी टेबलावरचा स्पीकर सुरू केला आणि विचारलं, "विराज जगदाळे, रेवा तुमची मुलगी आहे. तिला तुमचं आडनाव लावायला संमती आहे का?"

"च्," स्पीकरमधून आवाज आला.

नको असलेला विषय निघाला की विराज जिभेने असा आवाज करायचा. डबीचा तो कधीच गेला होता, आणि गेलाय हे शलाकाच्या ध्यानातही आलं नव्हतं. हा खरा होता. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

"मुलगी माझीच आहे, नाही म्हणत नाही मी," आवाज म्हणाला. "पण आडनावाचं आत्ता राहू द्या. आईला अजून सांगितलेलं नाही. गावात चार लोक विचारणार. शलाकाला म्हणावं, पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष नाहीये रे तुला," शलाका म्हणाली. बाईंनी घाईने हात वर करून तिला थांबवलं.

तेवढ्यात रेवा टेबलाला रेलली. "बाबा, मी रेवा. मी जगदाळे होऊ?"

"अगं चिमणे! तू कशी काय तिथे?" आवाजात एवढी माया आली की आळतेकर बाईंनीही मान खाली घातली. "च्. हे मोठ्यांचं असतं गं. आईला दे बघू फोन."

बाईंनी स्पीकर बंद केला. "संमती नाही, असंच लिहावं लागेल मला," त्या म्हणाल्या. "तुमचं आडनाव आहेच ताई तिला. काही अडत नाही."

"नाही अडत," शलाका म्हणाली. आजवर तिचं काही अडू दिलं नव्हतं तिने. पण जिवंतपणी ज्याने तोंडाला पानं पुसली, त्याच्याकडून मेल्यावरही तीच पुसून घ्यायला ती चांगले कपडे घालून आली होती, आणि या वेळी तिने लेकीलाही बरोबर आणलं होतं. याचा संताप तिला गिळवेना.

घरी आल्यावर तिने डबी ओट्यावर ठेवली. दिवा लागला.

"काय राणी, मिळालं का आडनाव?"

शलाकाने बटणाकडे हात नेला. राणी. हा शब्द विराजचा नव्हताच. रेवाला राणी म्हणायची ती शलाका. 'चिमणे' बंद होऊन 'राणी' कधी सुरू झालं, हे तिला आता काही केल्या आठवेना.

"नको ना आई, बंद नको करूस," रेवा म्हणाली. "त्या ऑफिसातला बाबा वेगळा होता. चिमणे म्हणणारा. त्याचं आडनाव नकोच मला." तिने डबी उचलून छातीशी धरली. "मला आपल्या बाबाचं हवंय. आई, आपल्या बाबाचं आडनाव काय आहे?"

डबीचा हिरवा दिवा रेवाच्या हातांतून वळून शलाकाच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. काय ऐकलं म्हणजे शलाकाला बरं वाटेल, ते डबी शोधत होती. पण ते शलाकाला तरी कुठे ठाऊक होतं?