चौथं चाक

हे खरं आहे. माझ्या मावसभावाच्या, एल्फेगोच्या बाबतीत घडलेलं.

गेल्या वर्षीचा गुड फ्रायडे. न्यू मेक्सिकोत, एस्पान्योलाहून चिमायोला जाणारा रस्ता. रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती, आणि चिमायोच्या देवळाकडे पायी निघालेल्या माणसांनी रस्ता भरला होता. मीही त्यांच्यात होतो.

भीती असती तर एव्हाना विरली असती.

मला किळस आली होती. ती अजून जात नाही.

एल्फेगोच्या वडिलांना आम्ही सगळेच आपा म्हणतो. त्यांची सत्तर सालची पिकअप. त्या गाडीतून आपांनी लाकडं, मेंढ्या, मिरच्या आणि अर्धं गाव वाहिलं. पण दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेले होते. गाडी उंच, पाय वर जाईना. एल्फेगो उचलायला गेला की हात झटकायचे.

"मी बटाट्याचं पोतं नाही. माझ्या गाडीत मी माझ्या पायांनी चढेन. नाहीतर राहिलं."

आणि वर एकच घोष. "डोळे मिटायच्या आधी एकदा चिमायोला जायचंय. ह्याच गाडीतून."

"मग तुम्ही वर चढू नका," एल्फेगो म्हणाला. "गाडीलाच खाली आणतो."

हात आखडताच होता. नवं सामान कुठून आणणार? त्याने अंगणातच चारही स्प्रिंगा काढल्या, ग्राइंडरने एकेक वेढा कापला आणि परत बसवल्या. गाडी अशी खाली आली की आपा ओट्यावर टेकावं तसे सीटवर टेकले. कोणाचा हात न धरता. म्हातारा दिवसभर आत-बाहेर करत होता.

राहिली चाकं. आमच्या गावात गाडी खाली आणायची आणि चाकं जुनीच ठेवायची, म्हणजे नवा सूट घालून लग्नात अनवाणी जायचं. लोक तोंडावर हसतात. म्हणून एल्फेगो क्लेतोकडे गेला.

क्लेतो भंगारवाला. ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार होता. त्या दिवशी आमच्यात कोणी मांसाला शिवत नाही. हा पठ्ठ्या डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे चघळत बसला होता. हनुवटीवर तेल.

"वीस इंची, चारही एकाच गाडीची," तो म्हणाला आणि बरबटलेली बोटं टायरला पुसली. "तुझ्यासाठी फुकटात घातली म्हण."

तीन चाकं चकचकीत होती.

चौथं… अर्धंच उन्हाने विटलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर माती. आणि रिमच्या कडेला मेणाचे ओघळ.

"हे काय?"

"मेण. घासलं की निघतं. लेका, चार हवीत ना तुला? का आपांना तीन चाकांवर नेणार आहेस?"

आमच्याकडे रस्त्यावर अपघातात कोणी गेलं की त्या जागी क्रूस लावतात. गाडीवेडा पोरगा असेल तर आई त्याच्या गाडीचं एक चाक क्रूसाखाली अर्धं पुरते. तिथे मेणबत्त्या लावते. ते चाक त्या पोराचं. त्याला हात लावत नाहीत.

एल्फेगोला हे ठाऊक होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. मेण घासून काढलं.

ते चाक मागे उजवीकडे बसलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा राहिली. हौद्यात एक माणूस बसला तरी टायर घासायचा. म्हणून एल्फेगोने ठरवलं, मागे कोणालाच बसवायचं नाही. फक्त स्टेपनी.

गुड फ्रायडेला आपा नवी टोपी घालून स्वतः गाडीत बसले. पायी जाणाऱ्यांच्या गर्दीतून गाडी हळूहळू निघाली.

आणि वाटेतल्या सांताक्रूझ गावाच्या पुढे…

घस्स.

घस्स… घस्स…

मागून. उजवीकडून.

"मागे कोणाला घेतलंस?" आपांनी विचारलं.

"कोणाला नाही."

"मला शिकवू नकोस. उभा जन्म ही गाडी चालवली. हौद्यात किती माणसं बसलीत ते मला बुडाला कळतं. एक आहे. उजव्या कोपऱ्यात."

एल्फेगोने आरशात पाहिलं. हौदा रिकामा होता.

मग वास आला. करपलेल्या रबराचा नव्हे… चरबीचा. उन्हात राहिलेल्या, आंबलेल्या चरबीचा. गुड फ्रायडेला, जेव्हा कोसभर कुठे मांस शिजत नाही. आपांनी रुमाल नाकाला लावला.

एल्फेगोने गाडी कडेला घेतली आणि मडगार्डखाली हात घातला. टायर घासला की काळा भुगा पडतो.

भुगा नव्हता.

हाताला काहीतरी मऊ लागलं… कोमट. बाहेर काढलं तर बोटांना राखाडी, चिकट थर. त्यात केस. आखूड, काळे, माणसाचे.

तो तिथेच ओकला. मी तेवढ्यात मागून चालत पोचलो होतो. त्याचा हात मी पाहिला.

आपा काच खाली करून समोर बघत होते. रस्त्याच्या कडेला एक क्रूस होता. प्लास्टिकची फुलं, विझलेल्या मेणबत्त्या… आणि खाली अर्धवर्तुळाचा रिकामा खड्डा.

"चाक कुठनं आणलंस?"

एल्फेगोने सांगितलं. मेणाचंही सांगितलं.

आपांनी काठी उचलली. त्यांनी दार उघडलं आणि आपल्या पायांनी खाली उतरले. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते इतकं सहज झालं, आणि एल्फेगोला तोंड वर करवेना.

"मला घाण वाटते," आपा म्हणाले. "गाडीची नाही. तुझी. काढ ते चाक."

गाडी इतकी खाली की जॅक आत जाईना. मग आम्ही वाटसरूंनीच मागचा भाग धरला. दणकट माणसं होती सगळी. जोर लावला.

गाडी हलेना.

"अहो, मागे बसलंय त्याला उतरवा की आधी," माझ्या शेजारचा एक जण धापा टाकत म्हणाला. त्याने मान वर करून हौद्यात पाहिलं. मग हात सोडून चार पावलं मागे झाला.

आपा काठी टेकत मागे आले. टोपी काढली.

"उतर, पोरा," ते रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले. "तुझं चाक परत देतोय. चुकलं आमचं."

काही झालं नाही.

मग… स्प्रिंग करकरली. कोणीही हात न लावता गाडी उजवीकडून वर आली. पुन्हा दोन बोटं जागा दिसू लागली.

आम्ही गाडी उचलून स्टेपनी बसवली. एल्फेगोने चाक खड्ड्यात ठेवून हातांनी माती लोटली. मोठी तीन आणि बुटकं एक, अशी लंगडत गाडी चिमायोला पोचली. लोक हसले. आपा स्वतः उतरले, देवळात गेले, स्वतः परत चढले.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

एल्फेगोने तिन्ही मोठी चाकं काढून टाकली. गाडीला पुन्हा जुनी बुटकी चाकं आहेत. जागा आता चांगली चार बोटं आहे. आपा वर्षभर रोज स्वतः चढून त्या गाडीतून मिरच्या आणायला जात होते.

गेल्या आठवड्यात मी त्या क्रूसावरून गेलो.

खड्डा… रिकामा होता. बाजूच्या मातीत, क्लेतो चघळायचा तसल्या चरबीच्या तुकड्यांचा तेलकट कागद पडला होता.

मी तडक एल्फेगोच्या घरी गेलो. गाडी अंगणात उभी होती. मागचा उजवा कोपरा खाली बसला होता. टायर मडगार्डला टेकला होता. हौद्यात काहीच नव्हतं.

आपा खिडकीत बसले होते. नाकाला रुमाल.

"ते चाक आता आमच्याकडे नाहीच," ते म्हणाले. "मग तो इथे का आलाय?"

परवा गुड फ्रायडे आहे. आपांनी टोपी पेटीत ठेवून दिली आहे.