ओंजळीतल्या पेशी

"श्वास सोडू नका!"

त्याने मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दुरुस्तीची खोली समजून आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरचं भलतंच दार उघडलं होतं. समोर एक उंच माणूस, विस्कटलेले केस, काचेच्या पेटीपुढे दोन्ही हात पसरून उभा. मी घाबरून श्वास धरला. त्याने सावकाश पेटीचं झाकण लावलं. तोवर माझे गाल फुगलेले, डोळे बाहेर.

"हं, आता सोडा," तो म्हणाला आणि हसला. "श्वासातली वाफ आमचे किरण खाऊन टाकते. टेराहर्ट्झ म्हणतात यांना. कापडातून, पुठ्ठ्यातून आरपार जातात, पण पाण्यापुढे हात टेकतात."

"मग जिवंत पेशीपुढे काय करतात? पेशी म्हणजे तर बहुतेक पाणीच."

तो थबकला. "ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही... तुम्ही पेशीवाल्या का?"

"वरच्या मजल्यावर असते."

"आणि इतके दिवस खाली आला नाहीत? कमाल आहे!"

अशी आमची जोडी जमली. कामाची हं... तेव्हा तरी कामाचीच. मी माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या चपट्या बश्यांत वाढवायचे. रोज सकाळी त्यातल्या दोन बश्या तो खाली न्यायचा. एकीवर किरण सोडायचा, दुसरी तेवढाच वेळ बंद पेटीत. मग मी दोन्हींतल्या पेशी मोजायचे.

"कुणाच्या आहेत या?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाव विचारायचं नसतं. दाता क्रमांक सात."

"बरं. सात नंबरला सांगा, जिवापाड जपेन."

"गारठा लागू देऊ नका म्हणजे झालं. खालची खोली थंडगार आहे तुमची."

मोजण्याआधी मी सूक्ष्मदर्शकापुढे क्षणभर हात जोडायचे. त्याने एकदा पकडलंच. "यंत्राला नमस्कार, पेशीबाई?"

"यंत्राला नाही. या, बघा."

तो वाकला. काचेखाली एक पेशी मधोमध आवळत होती. आतला सगळा पसारा तिने नेमका निम्मा वाटून घेतला होता, कुणी न शिकवता, कुणी न हाक मारता... हळूच एकीच्या दोन झाल्या. मग डोळा न उचलता त्याने स्वतःचेच हात जोडले.

"एक सांगू?" तो पुटपुटला. "आमचे हे किरण नुसते यंत्रातूनच येतात असं नाही. जे जे उबदार, त्यातून ते थोडे थोडे निघतच असतात. चहाच्या कपातून. भिंतीतून. तुमच्या हातातूनसुद्धा."

मी हात मागे घेतला. का, कोण जाणे.

घरी दादा पेशींवरून चिडवत जेवताना विचारायचा, "काय गं, पोरं जेवली का तुझी?" त्यावर वहिनी म्हणायची, "पोरांचं राहू द्या हो. त्यांना खाली फिरवायला नेणाऱ्याचं विचारा!"

महिनाभरात आकडे असे आले की माझा विश्वास बसेना. किरणांखालच्या पेशी रोज, न चुकता, जास्त वाढत होत्या! आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, वही मिटून म्हणाल्या, "सोमवारी समितीपुढे मांड. हे पटलं तर तुझी पुढची तीन वर्षं पक्की. नाहीतर महिनाअखेर टेबल रिकामं करावं लागेल."

शनिवारी बाहेर रिपरिप चालली होती. हवा ओली म्हणून पेटी कोरडी व्हायला वेळ लागत होता. बश्या अजून वर का आल्या नाहीत ते बघायला मी खाली गेले. तो स्टुलावर बसला होता. ओंजळीत एक बशी, जशी पाखराचं पिल्लू धरावं तशी.

"हे काय?"

"पेटी कोरडी होईपर्यंत वीस मिनिटं जातात ना. तोवर रोज असाच बसतो. तुम्हीच म्हणालात, गारठा नको."

"आणि दुसरी?"

"ती टेबलावर. तिला कुठे काही सोसायचंय? जिच्यावर किरण पडणार तिला आधी जरा धीर..."

तो बोलता बोलता थांबला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "किरण नव्हेत. माझे हात."

"महिनाभर! अहो, एक बशी उबेत आणि एक गारठ्यात! माझी तीन वर्षं गेली ना त्यात!" मला रडूच कोसळलं.

"चूक माझी आहे. समितीला मी सांगतो."

"पेशी माझ्या आहेत. मीच सांगेन."

रविवारी त्याने दोन्ही बश्या ओंजळीत धरल्या, सारखा वेळ, सारखी ऊब. मग नेहमीसारखे एकीवरच किरण सोडले. सोमवारी सकाळी मी हात जोडले आणि मोजलं. फरक नाही. आकडे अगदी खांद्याला खांदा लावून उभे.

समितीपुढे मी तेच सांगितलं. मग मोठ्या बाई हलकेच हसल्या. "म्हणजे नुसत्या हाताच्या उबेने आपण सगळे फसलो. तीन वर्षं नाही देता येणार. सहा महिने घे. किरणांचं खरं काय ते शोध. आणि त्या मुलाला सांग, दोन्ही बश्यांवर सारखीच माया कर."

तो जिन्यात उभा होता. मी "सहा महिने" म्हटल्यावर मटकन पायरीवर बसला.

"रागावला आहात?"

"आहे."

"सात नंबरही रागावला असेल. महिनाभर फुकट राबवलं त्याला."

मी त्याच्या शेजारी बसले. जिन्याच्या खिडकीवर थेंब ओघळत होते. मी डाव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा फिकट वण आहे, तिथली कातडी मी वर्षापूर्वी दिली होती.

"हा बघ," मी म्हटलं. 'तू' कधी तोंडून गेलं ते माझं मलाच कळलं नाही. "सात नंबर."

त्याने वणाकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळहातांकडे. मग माझ्याकडे...

रोज सकाळी वीस मिनिटं, महिनाभर.

मी माझा हात त्याच्या ओंजळीत ठेवला. तो तसाच बसून राहिला, डोळे भरलेले, गाल फुगलेले, छाती ताठ.

"अरे," मी हळूच म्हटलं, "आता श्वास सोड."