डाव्या चाकाचा हब

हे खरंच घडलंय. मर्व्ह माझा शेजारी, साठ किलोमीटरवरचा. दारूला शिवत नाही, आणि थापा मारायची त्याच्यात अक्कलच नाही. पटत नसेल तर इथेच थांबा.

गेल्या जानेवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली भर दुपार. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कोरडं मिठाचं तळं. पारा सत्तेचाळीसवर.

मर्व्हची पुतणी टीगन आपली नवी गाडी चालवत होती. डावीकडे मर्व्ह. चुकलेल्या मेंढ्या शोधत दोघं तळ्यात उतरले, आणि वरची मिठाची खपली फुटली.

गाडी दारापर्यंत चिखलात बसली. दारं उघडेनात.

"काका, चेहरा पाडू नका. ही तुमची खटारा गाडी नाही. हे बटण फिरवलं की चारही चाकं चालतात."

मर्व्हच्या जुन्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती होती. तिला हब म्हणतात. खाली उतरून ते हाताने लावायचे, मग आत दांडा ओढायचा. हब सुटे असले तर दांडा कितीही ओढा, पुढची चाकं ढिम्म.

टीगनने बटण फिरवलं. पडद्यावर चारही चाकं हिरवी झाली.

फिरली फक्त मागची दोन.

"बाबांसारखंच झालं की," ती म्हणाली. "ते हब लावायला विसरले, आणि इथेच..."

मर्व्ह रेडिओची बटणं चाचपू लागला.

अकरा वर्षांपूर्वी त्याचा भाऊ लिंडसे मर्व्हची तीच गाडी घेऊन या तळ्यात रुतला होता. चालत निघाला आणि उन्हाने गेला. गाडीचे हब सुटे सापडले. 'विसरला बिचारा,' असं मर्व्हनेच सगळ्यांना सांगितलं होतं.

रेडिओ मुका. पाणी अर्धी बाटली. बघता बघता तेही संपलं.

मग...

करर्र... करर्र...

मिठावर पावलं. माणूस मांडीपर्यंत रुतेल अशा जागी कोणीतरी सावकाश चालत येत होतं. बाहेर तर कोणीच नव्हतं.

पावलं उजव्या चाकाशी थांबली.

खट्.

हब लागल्याचा आवाज तो झोपेतही ओळखतो. या गाडीला हबच नाहीत.

टीगनने ॲक्सिलरेटर दाबला. उजवं चाक फिरलं. डावं नाही.

पावलं पुढून वळसा घालून डावीकडे आली. मर्व्हच्या काचेशी थांबली...

आणि काहीच झालं नाही.

बराच वेळ.

टीगनची मान कलंडायला लागली. ओठ पांढरे पडले होते.

"लिंडसे," मर्व्ह काचेकडे बघून म्हणाला, "पोरीला जाऊ दे. हब मी सोडले होते. पेट्रोल वाचावं म्हणून, त्याच सकाळी. तुला सांगायचं राहिलं. आणि नंतर... नंतर तुझ्यावर ढकललं."

खट्.

टीगनने कसाबसा पाय दाबला, आणि गाडी इंच इंच करत वर आली.

काठावर आल्यावर टीगनने गाडी थांबवली. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी बाबांना वेंधळे म्हणत आले, काका."

त्यानंतर ती त्याच्याकडे आलेली नाही.

नवी गाडी मेकॅनिकने तपासली. काही बिघाड नाही.

जुनी गाडी अजून मर्व्हच्या शेडमध्ये आहे. रोज संध्याकाळी तो दोन्ही हब स्वतः लावतो, दोनदा चाचपून बघतो, शेडला कुलूप घालतो.

सकाळी दोन्ही सुटे असतात... आणि चकत्यांवर मिठाने उमटलेली बोटं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत.

परवा मला म्हणाला, "तो मला बोलावतोय. एकदा तळ्यावर जाऊनच येतो."

मी त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली आहे. पण काल रात्रीपासून ती सापडत नाही.