वर्नाबाईंचा मुका शनिवार

डेलमार ट्वेट घरून निघाला गवत कापायचं नवं यंत्र आणायला, आणि परतला तो पोटाखाली गवत कापायची पाती असलेला साठ वर्षांचा बुटका ट्रॅक्टर ट्रेलरवर बांधून. त्याची बायको आर्लिस ओसरीवर कॉफी पीत होती. तिने आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"दोघांत जास्त गंजलेलं कोण तेच कळेना," ती म्हणाली.

ट्रॅक्टर वर्ना हॉवलंडबाईंच्या नवऱ्याचा, लॉइडचा. लॉइड जाऊन सहा वर्षं झालेली, आणि तेवढ्या काळात सीटखाली उंदरांनी नातवंडंसुद्धा पाहिलेली. म्हातारीने तो जवळजवळ फुकटच दिला. मागणं एवढंच, "चालू झाला की माझ्या खिडकीखालून एकदा फिरव रे पोरा. लॉइड दर शनिवारी यावर गवत कापायचा; तो गेला आणि माझा शनिवार मुका झाला."

"महिन्याभरात आणतो, वर्नाबाई!" डेलमारने छाती ठोकून सांगितलं.

आणि गंमत ऐका, तिसऱ्याच आठवड्यात इंजिन फटफटलं! बाईंचं घर दोन मैलांवर. अर्ध्या तासाचं काम होतं. पण आमच्या डेलमाररावांना पोपडे आलेल्या रंगाची लाज वाटली. म्हातारीपुढे असं भिकारडं ध्यान न्यायचं? त्यांनी ट्रॅक्टरचा एकेक बोल्ट सुटा केला.

जुलैत बाईंचा फोन आला. "सुरू झाला का रे?"

"झालाय हो, पण रंग..."

"मी कान लावून बसलेय, डोळे नाही."

डेलमार हसला. मग अस्सल पिवळा रंग मिळेना म्हणून हिवाळा गेला. मग बॉनेटवरची अक्षरं मनासारखी उठेनात म्हणून वसंत गेला. फोन येत राहिले, दर खेपेला जरा बारीक आवाजात. मग जिल्ह्याच्या जत्रेत ट्रॅक्टरला पहिलं बक्षीस मिळालं. चषक काखेत मारून डेलमार घरी आला, तर आर्लिस दारातच उभी.

"वर्ना गेली," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने टोमणा मारला नाही.

पुढच्या शनिवारी, लख्ख उन्हात, दोघं ट्रॅक्टर घेऊन तिकडे गेली. घराला कुलूप होतं, गवत गुडघाभर वाढलेलं, आणि आजूबाजूला नुसता मका. डेलमारने टोपी काढून खिडकीकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

धूर आला. सीट थरथरली. पाती फिरली, गवत उडालं, त्याचा हिरवा वास नाकात भरला. पण आवाज... आवाज नव्हता. गवतातल्या क्लोव्हरच्या फुलावर एक मधमाशी गुणगुणत होती, ती मात्र त्याला स्वच्छ ऐकू येत होती.

"आर्लिस! हा चालू आहे ना गं?"

तिने कानांत बोटं घातली होती. "बहिरा झालास का? माझे दात वाजतायत इथे!"

डेलमारने एकदा किल्लीकडे पाहिलं. तरी त्याने खिडकीखालून एक फेरी घातली, मग दुसरी, मग तिसरी. कान ताणून ताणून. त्या शांततेत त्याला स्वतःचंच नाक ओढणं ऐकू आलं.

"दीड वर्ष, वर्नाबाई..." तो पुटपुटला. "चालू होता हो... दीड वर्ष..."

आर्लिसने कानातली बोटं काढली. तिचा चेहरा मऊ झाला.

"छान चालतोय रे," ती म्हणाली. "आणि ही बाई कोण? सोबत गातेय... गोड गातेय म्हातारी. कुठे उभी आहे?"

डेलमारने मक्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहायचं त्याचं धाडस झालं नाही. त्याने इंजिन बंद केलं. सीटची थरथर थांबली, धूर विरला, उडालेलं गवत खाली बसलं.

आर्लिस मान डोलावत ऐकतच होती. बराच वेळ. मग तिने पुन्हा कानांवर हात ठेवले आणि ओरडली, "पुरे आता डेलमार! बंद कर ना तो!"

किल्ली केव्हाची त्याच्या मुठीत होती.