पहिलं माप

वैदियलिंगम मास्तरांनी तंजावूरकडच्या पोरांना चौतीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी कालियनला धरलं. कालियन गावचा मापाडी. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही. 'लाभम्, रेंडु, मूणु', म्हणजे लाभ, दोन, तीन, असं मोजायचा. त्याच्या बापाचीही तीच रीत.

"लाभ हा काय आकडा झाला रे?" मास्तर आपल्या अंगणातल्या भाताच्या राशीपाशी कडाडले. "ओण्णु म्हण. एक!"

"जीभ झडली तरी म्हणणार नाही, मास्तर."

"मग सर बाजूला!"

त्यांची बायको तैयलनायकी ओसरीवरून ओरडली, "अहो, ते बियाणं आहे! माझ्या माहेरचं वाण, पंचक्रोशीत दुसरा दाणा नाही. हुशारी फळ्यावर दाखवायची!"

ऐकतील तर ते मास्तर कसले? भर दुपारी धोतर खोचून त्यांनी मापं घातली. "ओण्णु! रेंडु!" बारा मापं बरोबर भरली, पोतं टम्म फुगलं. त्यांनी सुतळीने तोंड शिवलं आणि मिशीवरून हात फिरवला. "पडलं का आभाळ?"

आभाळ काही पडलं नाही. तैयलने ताक आणलं, मास्तर मिटक्या मारत प्यायला लागले.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पदिनोण्णु." अकरा.

आवाज मास्तरांचाच, वर्गातला, खणखणीत. तैयल हसली. "पुरे झाली थट्टा."

मास्तरांच्या तोंडात ताकाचा घोट होता.

"पत्तु." दहा. पोत्याचा एक कान लुळा पडला.

नऊ झालं, आठ झालं. पोतं सुरकुतत चाललं. मास्तरांनी शिवण चाचपली, ती धड होती. खाली एक दाणा सांडला नव्हता.

सात. सहा.

"माझं वाण गेलं हो!" तैयलने गळा काढला. "बापाने लेकरासारखं जपून दिलं होतं मला!"

"मास्तर, पाया पडतो," कालियन कळवळला. "अजून वेळ आहे. लाभ म्हणा!"

पाच. चार.

मास्तरांचा सगळा ताठा उतरला. बायकोचं रडणं त्यांना बघवेना. पोत्यापुढे गुडघे टेकून त्यांनी हात जोडले.

तीन.

'लाभ' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज पोत्यातून आला.

"रेंडु."