गॅरेजमधल्या फ्रीजचं दार

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात घडलीय. मिनेसोटात, डुलूथला, गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी.

आमच्याकडे गॅरेजमध्ये एक जुना फ्रीज असतोच, बिअर आणि हरणाच्या मटणासाठी. माझ्या नवऱ्यानं, लाइलनं, तो एका म्हातारीकडून फुकटात आणला. दार काढून शेजारी ठेवलेलं होतं. पोरं आत अडकू नयेत म्हणून टाकायच्या फ्रीजचं दार इकडे काढतातच. हे तर जुनं, खटक्याचं दार, आतून न उघडणारं. लाइलनं ते परत बसवलं आणि स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधून आवाज सुरू झाला.

टक... टक टक...

"तुझी आई आलीय वाटतं," लाइल म्हणाला.

"ती असती तर आधी तुझी बिअर ओतून दिली असती."

आमची सहा वर्षांची ब्रिटा बाहेरून टकटक करून उत्तर द्यायची. मला हसू यायचं.

लाइलनं फ्रीजचे पाय सारखे केले. मागची धूळ काढली. पंख्याला बर्फ घासत असेल म्हणून त्या रविवारी फ्रीज रिकामा केला, कप्पेही काढले.

शेवटी वैतागून प्लगच उपटला.

गॅरेज एकदम शांत झालं.

टक... टक टक...

आतून. गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

आम्ही घरात आलो. ब्रिटा सोफ्यावर पांघरूण घेऊन टीव्ही बघत होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो आणि मी म्हातारीला फोन लावला.

"फ्रीजमधून आवाज येतोय."

तिनं उलट मलाच विचारलं,

"दार बसवलंत का गं, बाई?"

"हो."

"मी ते काढूनच दिलं होतं ना? तुमच्या घरात लेकरू आहे का?"

टीव्ही चालू होता. ब्रिटाचं पांघरूण जमिनीवर पडलं होतं. घरातून गॅरेजमध्ये जायचं दार उघडं...

लाइलनं खटका ओढला.

ब्रिटा आत होती. घामेजलेली, पण जिवंत. मी तिला घट्ट धरून रडले.

पण ती एका कडेला अंग चोरून बसली होती. शेजारी कुणाला जागा द्यावी तशी.

"त्याला एकट्याला भीती वाटते, आई."

तो खटका बाहेरून जोर लावल्याशिवाय बसत नाही. आम्ही दोघं तर घरात होतो.

दार त्याच संध्याकाळी काढलं, दुसऱ्या दिवशी फ्रीजही गेला. म्हातारीनं पुन्हा फोन उचलला नाही.

ब्रिटा आता बरी आहे. फक्त सोफ्यावर बसली की कडेला सरकते. मी शेजारी बसायला गेले की माझा हात धरते.

"तिथं नको, आई."