कुंपणापलीकडची थाळी

कुवेतमधल्या अहमदीत पावसाळा नाही. तिथं आभाळ भरून येतं ते धुळीनं. आधी क्षितिजावर मातकट भिंत उभी राहते, मग तेलविहिरींवरच्या ज्वाळा दिसेनाशा होतात, आणि मग दातांखाली वाळू कचकचू लागते.

१९६८ सालच्या जूनमधल्या अशाच एका दुपारी असमानं ओट्यावर बसलेल्या सहा मुलांना घाईघाईनं घरात ढकललं. मुलं आत आली, पण त्यांनी काढलेले नकाशे बाहेरच राहिले. ते एकेक करून उडाले आणि कुंपणाच्या झुडपांवरून शेजारी गेले.

तासाभरानं धूळ बसली, तेव्हा कुंपणाच्या फटीत एक तरुण उभा होता. भुवयांवर धूळ, पापण्यांवर धूळ… आणि हातात सहाही पानं, नीट झटकून, कडेला कड जुळवून.

"मोजून घ्या," तो म्हणाला. "एखादं कमी असलं तर वाळवंटात जाऊन शोधून आणतो."

असमानं मोजली. सहाच्या सहा होती. पण तिसऱ्या पानावर, छोट्या जाफरच्या हिंदुस्थानच्या नकाशावर, कुणीतरी लाल पेन्सिलीनं पश्चिमेची किनारपट्टी सुरेख ओढली होती.

"हे कुणी केलं?"

"मी. त्या पोरानं सगळं कोकण समुद्रात बुडवलं होतं. माझं गाव आहे हो तिथं… राहवलं नाही."

तिला हसू आलं. पण सहा मुलं दाराआडून बघत होती. तिनं चेहरा गंभीर केला.

"ज्याची चूक त्यानंच दुरुस्त करायची असते. दुसऱ्यानं केली की ती चूकच राहते."

मग त्यानं ते पान परत मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पान आलं तेव्हा लाल रेघ खोडरबरानं साफ पुसलेली होती. "माझं गाव पुन्हा बुडालं," तो म्हणाला. "आता सगळं जाफरच्या हातात."

त्याचं नाव कमाल. शेजारच्या इद्रीसचाचांचा पुतण्या. महाडच्या बाजूचा, तेल कंपनीच्या नकाशाघरात नकाशे उतरवून काढणारा ट्रेसर म्हणून आठवड्यापूर्वीच लागलेला. इद्रीसचाचा तरुणपणी जहाजावर खलाशी होते, आता बंदरात टगबोट चालवत. त्यांना मूलबाळ नव्हतं. रुकय्याचाचीनं सगळी माया असमावर ओतली होती. असमाची आई तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीला वारली, तेव्हा तिचे अब्बा महबूब तिला इथं घेऊन आले. ते कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. शाळांना सुट्टी असली की असमा आसपासच्या मुलांना शिकवत असे.

दोन्ही घरांमध्ये एक काचेची थाळी ये-जा करायची. जाड काचेची, कडेला द्राक्षाच्या वेलाची नक्षी असलेली. रुकय्याचाचीनं ती कुवेत शहराच्या बाजारातून हौसेनं आणली होती. शेजारची थाळी रिकामी परत करायची नाही, हा तर आपल्याकडचा जुना रिवाज. चाचीकडून सांदण यायचं, असमाकडून तळलेली सुरमई जायची. तिकडून नारळाच्या वड्या, इकडून घावन. पूर्वी थाळी चाची आणायची. जूनपासून मात्र चाचीचे गुडघे फारच दुखू लागले, आणि थाळी कमाल आणू लागला.

"चाचीनं विचारलंय, मीठ बरोबर होतं का."

"चाचीनं विचारलंय, की तुम्ही?"

"चाचीनं मिठाचं विचारलंय. मी… मी अजून काहीच विचारलेलं नाही."

असमा थाळी घेऊन आत जायची आणि स्वयंपाकघरात उगाचच उभी राहायची. हा मुलगा चेष्टा करतो की खरंच काही बोलतो? तिला कळत नसे. आणि कळत नाही म्हणून राग यावा, तर तोही येत नसे.

चाचीला मात्र सगळं कळत होतं. तांदूळ निवडता निवडता एकदा ती आपल्या लग्नाची गोष्ट सांगत बसली. तिच्या माहेरी म्हणे मुलीकडचे तोंडानं हो म्हणतच नसत. मुलाच्या घरी थाळीभर साखर पाठवत. झाकण उघडलं, साखर दिसली, की समजायचं. "तोंडानं हो म्हणायला लाज वाटते ना गो," चाची म्हणाली, आणि तिनं असमाकडे असं पाहिलं की असमाचा खडा तांदळातच राहिला.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला कमालनं थाळी दिली आणि तो लगेच गेला नाही.

"शुक्रवारी चाचा येणार आहेत. तुमच्या अब्बांकडे."

"ते रोजच येतात की."

"रोज चहाला येतात." तो चपलेच्या टोकानं वाळूत रेघ ओढू लागला. "शुक्रवारी अशा कामाला येतील, की चहा थंड झाला तरी चालेल."

त्या दिवशी मुलांच्या बेरजा तपासताना असमानं सात आणि पाच अकरा झालेले बरोबर धरले.

आणि बुधवारी ती बातमी आली.

रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. जाफरनं विचारलं, हा देश कुठं आहे, आणि असमानं नकाशा उघडून त्याला बोट ठेवून दाखवला. मुलांनी एकेक अक्षर जोडत ते लांबलचक नाव म्हणून पाहिलं. मग गल्लीतल्या मजीदच्या मुलीनं, बानूनं विचारलं, "टीचर, ते तर दोस्त होते ना? मग दोस्ताच्या घरात रणगाडा कशाला न्यायचा?" असमानं नकाशा मिटला. अब्बा घरी रेडिओ लावत तेव्हा रशियानं हिंदुस्थानला पोलादाचा कारखाना बांधून दिल्याचं, अडचणीत साथ दिल्याचंच ती ऐकत आली होती.

संध्याकाळी ती रोटी आणायला गेली, तर भट्टीपुढच्या रांगेत तेच चाललेलं. एक मलबारी कारकून म्हणत होता की रशियाला तिथल्याच लोकांनी बोलावलं असणार. गॅरेजमधला पॅलेस्टिनी फिटर म्हणाला, गेल्या साली इस्राएलनं आमच्यावर वेळ आणली तेव्हा रशियाच आमच्या बाजूनं बोलला, मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. पण असं म्हणून तो आपल्या हातातली टोपी फिरवत राहिला. गावात रणगाडे शिरतात म्हणजे काय, हे त्या रांगेत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भट्टीवरचा इराणी म्हातारा कणकेचा गोळा थापत एवढंच बोलला, की महायुद्धाच्या काळात त्याच्याही गावात रशियन आले होते. चांगले होते की वाईट, हे त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

असमा गरम रोट्या छातीशी धरून घरी आली. सगळेच थोडे थोडे बरोबर वाटत होते. असं कसं असेल?

गुरुवारी इद्रीसचाचा रेडिओ ऐकायला आले. बातम्यांत सांगत होते, की तिथले लोक रणगाड्यांपुढे उभे राहून वरच्या शिपायांना विचारतात, तुम्ही इथं का आलात? आणि त्या कोवळ्या पोरांना काही सांगता येत नाही.

अब्बा म्हणाले, एवढा मोठा देश उगाच जाणार नाही, काही कारण असेल. चाचा म्हणाले, कारण चोरालाही असतं. अब्बांनी पोलादाच्या कारखान्याची आठवण दिली. चाचांनी विचारलं, कारखाना बांधून देणाऱ्याला उद्या तुझ्या माजघरात झोपू देशील का? आवाज चढत गेले. शेवटी चाचा उठून उभे राहिले.

"न विचारता शेजारच्या घरात शिरतो, तो दोस्त नव्हे, महबूबभाई."

"मग आधी आपलं घर बघा," अब्बा तोडून बोलले. "तुमचा पुतण्या रोज कुंपणातून आत येतो, तो कुणाला विचारून?"

फक्त रेडिओ बोलत होता. चाचांनी टोपी उचलली, आणि कधी नव्हे ते कुंपणातून न जाता पुढच्या दारानं, रस्त्यावरून, लांबून आपल्या घरी गेले.

असमा पडद्याआड उभी होती. ज्या देशाचं नाव परवापर्यंत तिच्या गल्लीत कुणी घेतलं नव्हतं, त्याच्यावरून तिचा शुक्रवार मोडला होता.

शुक्रवारी नमाजानंतर चाचा आले नाहीत. अब्बांनी जेवतानाच सांगितलं, की रत्नागिरीहून तिच्या मामूंनी एक स्थळ कळवलंय. मुलगा बरा आहे. मजीद उद्याच्या बोटीनं मुंबईला चाललाय, त्याच्याबरोबर होकाराची चिठ्ठी देतो. मग त्यांची नजर फडताळावर गेली.

"ती थाळी अजून इथंच आहे?"

"हो अब्बा. आपली पाळी होती… म्हणून ठेवली."

"परत दे. रिकामी."

असमा थाळी घेऊन मोरीवर गेली. रिकामी थाळी म्हणजे शेजार संपला. तिनं ती एकदा धुतली, पुन्हा धुतली. निथळायला म्हणून पालथी घातली. आणि तिला दिसलं, की तळाशी वेलीच्या मधोमध बारीक उठावदार इंग्रजी अक्षरं आहेत. इतक्या वेळा धुतली, पण कधी वाचली नव्हती.

ती ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. "अब्बा, हा माल कुठला, बघता?"

अब्बांचा जन्म खोक्यांवरचे शिक्के वाचण्यात गेलेला. चष्मा लावून त्यांनी थाळी उजेडाकडे धरली आणि वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून हळूहळू फिरत राहिला.

"चेकोस्लोव्हाकिया," ते पुटपुटले. "कुणीतरी तिथं बसून बनवली असेल ही… आणि आपण इतके दिवस यात सांदण खातोय."

त्यांचं मत बदललं होतं असं नाही. पण ज्यावर ते कालपासून इतकं ठासून बोलत होते, ते एकदम हातात आलं होतं, आणि काचेचं होतं.

"रिकामी नको देऊस," शेवटी ते म्हणाले. "काहीतरी घाल. इद्रीसशी भांडण माझं आहे, थाळीचं नाही. मीच नेऊन देतो."

असमा स्वयंपाकघरात आली. पिठाचा डबा होता, डाळ होती, फळीवर नारळ होता. अर्ध्या तासात वड्या झाल्या असत्या. ती नारळाकडे बघत राहिली. मग तिचा हात दुसऱ्याच डब्याकडे गेला, थांबला… मागे आला… पुन्हा गेला. तिनं साखर थाळीत ओतली, काठापर्यंत. वर विणलेला रुमाल झाकला. आईचा होता तो.

अब्बा थाळी घेऊन निघाले. कुंपणाच्या फटीपाशी क्षणभर अडखळले. मग वळले, रस्त्यावर गेले, आणि इद्रीसचाचांच्या पुढच्या दारावर त्यांनी टकटक केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. असमा फटीपाशी येऊन उभी राहिली. तिला स्वतःच्या छातीतली टकटक जास्त ऐकू येत होती.

दार चाचीनं उघडलं. थाळी घेतली, रुमाल उचलला, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अहो," तिनं आत हाक मारली. "बाहेर या. लवकर या."

चाचा आले. त्यांच्या मागून कमाल आला. चाचांनी थाळीकडे पाहिलं, मग अब्बांकडे.

"महबूबभाई… मी तर अजून विचारलंसुद्धा नव्हतं."

"काय विचारलं नव्हतं?" अब्बा गोंधळून म्हणाले.

चाचीनं डोळे पुसत त्यांना साखरेचा अर्थ सांगितला. अब्बांनी सगळं ऐकलं आणि मान सावकाश कुंपणाकडे वळवली.

"असमा, थाळीत साखर कशी गेली? चुकून?"

हो म्हटलं असतं की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मजीद चिठ्ठी घेऊन बोटीवर चढला असता. असमानं कमालकडे पाहिलं. त्याचा रंग उडाला होता, तरी तो पुढे झाला आणि हळू आवाजात म्हणाला,

"महबूबचाचा, तिला घाई करू नका. चूक असेल तर तीच दुरुस्त करील. दुसऱ्या कुणी करायची नसते."

असमानं कुंपणावरचा हात काढला.

"चूक नाही, अब्बा," असमा म्हणाली.

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी थाळीतली चिमूटभर साखर उचलली आणि इद्रीसचाचांपुढे धरली.

"रशियाचं मी मागे घेणार नाही," ते म्हणाले.

"मीही नाही," चाचा म्हणाले, आणि त्यांनी साखर तोंडात टाकली.

मजीद दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन गेला, पण ती वेगळी होती. तिच्यात अब्बांनी मामूंची माफी मागितली होती. दोघे म्हातारे पुन्हा रेडिओपाशी बसू लागले, पुन्हा भांडू लागले. तिथल्या लोकांनी रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या, म्हणजे सैन्याला वाट सापडू नये, असं एके दिवशी बातम्यांत आलं. त्यावर मात्र दोघे भांडले नाहीत. रणगाडे काही परत गेले नाहीत.

बानूनं वर्गात पुन्हा तोच प्रश्न विचारला. असमा म्हणाली, "मला अजून नीट कळलेलं नाही, बानू. कळलं की सांगेन. पण शेजारी जाताना दार वाजवायचं, एवढं मात्र लिहून घ्या."

सहा डोकी वहीत वाकली. जाफरचं लवकर लिहून झालं. तो जवळ आला आणि त्यानं एक पान पुढे केलं. हिंदुस्थानचा नकाशा होता. पश्चिमेची किनारपट्टी वेडीवाकडी होती, पण त्यानं ती स्वतः काढली होती, आणि या वेळी सगळं कोकण पाण्याच्या वर होतं.

त्या दिवशी चाचीची थाळी परत जायची होती. असमानं ती धुतली, पुसली, आणि तिच्यात फक्त ते पान ठेवून कुंपणापाशी गेली. पलीकडे कमाल उभा होता.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं गाव परत आलंय."